डबल सप्लाय

कंधारात लाइट गेली की लोक अजूनही आधी मारोतराव गजभाऱ्यांच्या दारात यायचे. लाइनमन म्हणून त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. पण बत्तीस वर्षं खांबावर काढलेल्या माणसाची सवय अशी तीन वर्षांत सुटते होय? ते ओट्यावर येत, किल्ल्याच्या अंगाला दिवे आहेत का बघत, बसस्टँडच्या अंगाला बघत आणि सांगत, "खालचा फीडर गेला. पाऊण तास." पाऊण तासानं लाइट यायची. चाळीस मिनिटांतच आली तर मारोतराव जरा नाराज व्हायचे.

अशा माणसाच्या घरात चार दिवसांपासून वायफाय धड चालत नव्हतं. अगदीच बंद असतं तर पत्करलं असतं. ते चालायचं आणि मध्येच मरायचं. मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण, डब्यांवरचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकतायत, आणि पडद्यावर तो एक गोल फिरतोय तो फिरतोच आहे. बंद करून चालू केलं की कधी तासभर बरं, कधी दोन मिनिटांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. अख्ख्या गावाचा फॉल्ट ओट्यावरून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला सापडू नये, हे मारोतरावांना फार लागलं होतं.

पण त्यांच्या इज्जतीचं एक वेळ सोडा. खरा घोर समीक्षाचा होता.

समीक्षा ही त्यांची सून. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. लग्नाआधी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तुकडी बंद झाली आणि तासिकाही गेल्या, तत्त्वही गेलं. नवरा रविकांत रस्त्याच्या कामावर सुपरवायझर, आज औसा तर उद्या निलंगा; त्याच्या मागं किती ठिकाणी बिऱ्हाड मांडायचं? म्हणून ती सासू-सासऱ्यांजवळ कंधारात राहिली आणि सहा महिने अर्ज करत राहिली. शेवटी लातूरच्या एका मोठ्या क्लासला ऑनलाइन शिकवायला कुणीतरी हवं होतं. रोज चार ते सात, घरी बसून, समोर चारशे पोरं. अट दोनच: घरात पक्की लाइन हवी, मोबाइलचं नेट चालणार नाही, आणि आधी एक डेमो द्यायचा.

मंगळवारी चार वाजता डेमो सुरू झाला. सात मिनिटं झाली आणि समीक्षा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली. नंतर कळलं की क्लासचे बिराजदार सर आणि त्यांचे दोन मास्तर त्या उघड्या तोंडाकडे पाच मिनिटं बघत बसले होते. सर भला माणूस. त्यांनी फोन करून सांगितलं, "शुक्रवारी चारला पुन्हा घेऊ. पण मॅडम, या वेळी तुटलं तर आमचा नाइलाज आहे."

आज शुक्रवार होता. दुपारचा दीड वाजला होता आणि वायफाय पुन्हा गेलं होतं.

मारोतरावांनी केबलवाल्या मलप्पाला फोन लावला. मलप्पा मूळचा देगलूरकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावला की दोन्ही. मंगळवारपासून त्यानं मारोतरावांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की त्याला आता त्यांची चव कळेनाशी झाली होती. बिचाऱ्यानं बुधवारी येऊन लाइन तपासली, गुरुवारी स्वतःच्या खर्चानं जॉइंट बदलला.

"सायेब, तुमच्या डबीवर दिवा हिरवा हाय का?"

"हिरवा हाय."

"मंग माझ्याकडं फॉल्ट इल्ला. जे काय हाय ते तुमच्या घरात हाय."

"माझ्या घरात?" मारोतरावांचा आवाज चढला. "आरं, तू चड्डीत होतास तवापासून मी तारा जोडून राहिलो. मला शिकवतो?"

मलप्पानं फोन ठेवला. मग रविकांतचा आला. जेसीबीच्या घरघरीतून तो ओरडत होता, "बाबा, सगळं बंद करून चालू करा!" सुपरवायझर लोकांकडे औषध एकच असतं, सर्दीलाही तेच आणि मोडलेल्या पायालाही तेच. ते तीनदा देऊन झालंय असं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "घरात काही नवं लावलं का एवढ्यात?"

"न्हाई," मारोतराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. म्हणजे, त्यांच्या समजुतीप्रमाणे नव्हते. त्याचं असं झालं होतं.

गजभाऱ्यांच्या घरात राउटर तीन होते. मलप्पाची लाइन पुढच्या खोलीत यायची, तिथं मुख्य डबा. तिथून एक वायर माडीवर समीक्षाच्या खोलीत, कारण स्लॅब जाड होता आणि वर नेट पोचत नव्हतं. दुसरी वायर अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात, कारण तिथं चांगुणाबाई असायच्या. चांगुणाबाईंना स्वयंपाकघरात राउटर कशाला, असं रविकांतनं एकदाच विचारलं होतं. त्यांची बहीण गुणाबाई इस्लापूरला. दुपारच्या चहानंतर दोघी बहिणी व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवायच्या आणि आपापली कामं करायच्या. "काय करून राहिली गं?" "तूर निवडून राहिले." मग पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. नुसती सोबत. काम आटोपलं की चांगुणाबाई राउटरचं बटण बंद करायच्या. लाइनमनची बायको ती. ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत बटण चालू ठेवणं त्यांच्या घरी पाप होतं.

गेल्या सोमवारी समीक्षाच्या डेमोची बातमी कळली तेव्हा मारोतरावांना राहवेना. नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. ज्या गावाला एकाच बाजूनं सप्लाय, ते गाव कधी ना कधी अंधारात बसतं; ज्याला दोन बाजूंनी, ते बसत नाही. समीक्षाच्या खोलीला एकाच बाजूनं नेट! ती वायर उंदरानं कुरतडली तर? ते सरळ नांदेडच्या बसमध्ये बसले, तयार टोकांची पंधरा मीटरची पिवळी वायर आणली, आणि माडीवरच्या राउटरमधून खिडकीबाहेर काढून अंगणावरून स्वयंपाकघरातल्या राउटरमध्ये नेऊन जोडली. काय सुंदर ओढली होती! एका जागी झोळ नाही. आता माडीला पुढच्या खोलीतून सरळ नेट आणि स्वयंपाकघराच्या वाटेनंही नेट. एक तुटलं तरी दुसरं उभं. डबल सप्लाय. दुपारची वेळ, चांगुणाबाई बाजारात, समीक्षा वर खिडकीकडे पाठ करून नोट्स काढत बसलेली. मारोतरावांनी कुणाला सांगितलं नाही; लाइनमनच्या घरात आणखी एक वायर कुणाच्या नजरेत भरतही नव्हती. नोकरी लागली की सांगू, असं त्यांनी मनात ठरवलं होतं.

तेव्हा "नवं काही लावलं का" याला त्यांचं उत्तर "न्हाई" होतं. नवं म्हणजे नवा फॅन, नवा फ्रिज. लाइनला मजबुती देणं हे काही नवं लावणं नव्हे, ते कर्तव्य.

समीक्षा वरून आली. हातात नोट्स, कपाळावर आठी.

"मामा, मी समोर साडीच्या दुकानात जाऊन बसू का? त्यांचं नेट बरं चालतंय. त्यांना विचारलंय मी."

मारोतरावांच्या डोळ्यांपुढे ते दृश्य आलं. शुक्रवारी बाजाराला आलेल्या बायका, "ही दाखवा, ती दाखवा", आणि त्यात आपली सून कोपऱ्यात बसून लातूरच्या सरांना फिजिक्स शिकवणार.

"लाइनमनच्या सुनेनं दुसऱ्याच्या घरून तार ओढायची?" ते म्हणाले. "पावणेचारपर्यंत दे मला. तवर न्हाई झालं तर मी सोता तुझा लॅपटॉप दुकानात नेऊन देतो."

समीक्षानं घड्याळ पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये फारसा जीव नव्हता.

आता मारोतराव कामाला लागले, आणि लाइनमनच्या पद्धतीनं लागले. पहिलं काम, परमिट. लाइनवर चढण्याआधी लाइनमन परमिट घेतो. ते परत दिल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. त्यांनी वहीची तीन पानं फाडली, 'काम चालू आहे, बटण लावू नये' असं ठळक लिहिलं, आणि तिन्ही राउटरच्या बटणांवर चिकटवलं. चांगुणाबाईंनी स्वयंपाकघरातला कागद वाचला.

"मी काय पोरगी हाव का, कागद लावायला?"

"परमिट म्हंजे परमिट, चांगुणा. सायबाच्या घरी पण लावायचे."

दुसरं काम, लाइन तुकड्या-तुकड्यानं चार्ज करायची. दहा गावांच्या लाइनवर फॉल्ट असला तर सगळी एकदम चालू करून कळत नाही. एक तुकडा चालू करायचा, थांबायचं, मग पुढचा. ज्या तुकड्याला ट्रिप होईल तिथं चोर. त्यांनी तिन्ही डबे बंद केले. पुढच्या खोलीतला एकटा चालू केला आणि मोबाइलवर बातम्या लावून बसले. दहा मिनिटं बातम्या चालल्या. मग माडीवरचा चालू केला. समीक्षानं वरून आवाज दिला, "चालू आहे, मामा!" आणखी दहा मिनिटं. सगळं लोण्यासारखं. मग ते स्वयंपाकघरात गेले, कागद बाजूला केला आणि तिसरं बटण लावलं.

दीड मिनिटात दिवे लुकलुकायला लागले आणि बातम्या सांगणारी बाई मान वाकडी करून थांबली.

"सापडला!" मारोतराव अंगणातूनच ओरडले. "चोर सैपाकघरात हाय!"

समीक्षा जिना उतरून धावत आली. तिनं बोटं मोजली. मंगळवारी डेमो चारला सुरू झाला. चार वाजून सात मिनिटांनी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चहा घेऊन गुणामावशींना फोन लावला. बुधवारी, गुरुवारी, आज दुपारी, जेव्हा जेव्हा नेट गेलं तेव्हा तेव्हा स्वयंपाकघरातलं बटण चालू होतं. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं इतकंच.

"तरीच!" मारोतराव म्हणाले. "तुझी गुणाबाई सगळं नेट पिऊन राहिली."

"माझ्या भैनीवर येऊ नका," चांगुणाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "वर्ष झालं ती बोलून राहिली माझ्याशी. आत्ताच कामून तिला तहान लागली?"

प्रश्न बिनतोड होता, पण मारोतरावांनी तो कानाआड केला.

"मामा, मग आज एवढा राउटर बंद ठेवू," समीक्षा म्हणाली. "डेमो तर होऊन जाईल."

"ठिवा बंद," चांगुणाबाई लगेच म्हणाल्या. "आजच कशाला, पोरीची नोकरी लागली तर रोजच ठिवा. चार ते सात ना? गुणाला सांगते मी, आता जमत न्हाई म्हणून." आणि त्या पाठमोऱ्या होऊन भाकरीचं पीठ मळायला लागल्या. दुपारच्या अडीच वाजता भाकरीचं पीठ कोण मळतं?

मारोतरावांना ते बघवलं नाही. शिवाय त्यांच्या पोटातला लाइनमनही गप्प बसेना. बंद ठेवलेला फॉल्ट म्हणजे सापडलेला फॉल्ट नव्हे. उद्या तो दुसरीकडून डोकं काढणार, आणि नेमका चारशे पोरांसमोर.

"समीक्षा, तू वर जा, तुझी तयारी कर. न्हाईच जमलं तर ह्यो बंद. पण मला आजून थोडा टाइम हाय."

त्यांनी डबा बदलून पाहिला. स्वयंपाकघरातला माडीवर नेला, माडीवरचा खाली आणला, वायरी होत्या तशाच जोडल्या. तिन्ही चालू केले. पुन्हा दिवे लुकलुकले, पुन्हा सगळं ठार. म्हणजे डबा निर्दोष. मारोतराव ओट्यावर बसले आणि त्यांनी डोकं खाजवलं. एकेकटा प्रत्येक जण शहाणा, दोघं-दोघं पण शहाणे, तिघं एकत्र आले की भांडण. भाऊबंदांच्या घरात असं होतं, पण डब्यांत?

साडेतीन वाजले. वरून समीक्षाच्या पुटपुटण्याचा आवाज येत होता. ती धड्याची उजळणी करत होती. मारोतराव उठले आणि पुढच्या खोलीत गेले. राहता राहिली स्वयंपाकघराकडे जाणारी वायर. तीच आतून खराब असेल. त्यांनी मुख्य डब्यातून तिचं टोक उपसून बाजूला ठेवलं. लाइन तोडली. आता मागचा डबा मेलेला. वायर बदलायला मोकळे. पक्कड घेऊन ते अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शिरले.

आणि दारातच थांबले.

बटणावरचा कागद चांगुणाबाईंनी सोलून काढला होता. राउटर चालू होता. डाळीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून गुणाबाई स्पष्ट, ठळक, अगदी नाकातल्या फुलीसकट बघत होती.

"दाजी! कसे हाव?"

"तू..." मारोतराव मोबाइलवर वाकले. "तू कशी दिसून राहिली?"

"आगं बाई, चांगुणा, दाजीला काय झालं?"

"काय न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "मीच म्हणलं, आजपासून बंद हाय तर शेवटचं बोलून घ्यावं. परमिट-बिरमिट मला सांगू नका."

मारोतरावांच्या अंगावर काटा उभा राहिला होता, आणि तो गुणाबाईमुळे नव्हता. लाइनमनला जगात एकाच गोष्टीची खरी भीती असते. स्वतःच्या हातानं बंद केलेली लाइन जिवंत निघण्याची. त्यांच्याबरोबर खांबावर चढणाऱ्या निवृत्ती नावाच्या लाइनमनचं तसंच झालं होतं. इकडून स्विच तोडलेला, परमिट खिशात; आणि पलीकडे कुण्या शहाण्यानं गिरणीचा जनरेटर लाइनमध्ये सोडलेला. निवृत्ती वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. रिटर्न सप्लाय म्हणतात त्याला. तार मेली म्हणून हात लावावा, तर ती मागच्या दारानं जिवंत.

मी इकडून तोडलंय. मग गुणाबाई येते कुठून?

त्यांनी राउटरकडे पाहिलं. त्यात दुसरी एक वायर शिरत होती; मघाशी डबे बदलताना त्यांनीच ती सवयीनं पुन्हा खोचली होती. त्यांची नजर वायरीबरोबर खिडकीतून बाहेर गेली, अंगणावरून वर चढली. उन्हात ती पिवळी वायर ताठ उभी होती. एका जागी झोळ नाही.

मारोतरावांनी पक्कड पाटावर ठेवली.

पुढच्या खोलीतून माडी, माडीवरून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पुन्हा पुढची खोली. गोल. पुरतं गोल. जे काही एकदा आत शिरेल ते बाहेर पडायला वाटच नाही. फिरतंय, फिरतंय, आपल्याच पाठीमागं पळतंय, आणि त्या गर्दीत समीक्षाचा धडा चेंगरतोय. चांगुणाचं बटण चालू असलं की गोल पुरं होतं, बंद असलं की तुटतं. आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं! नव्या पोरांना ते स्वतः शिकवायचे: गावाला दोन बाजूंनी सप्लाय द्या, पण मधला एक स्विच कायम उघडा ठेवा. एक बाजू मेली तरच तो लावायचा. दोन्ही बाजू एकदम लावाल तर दोन्ही घालवाल. शंभर पोरांना शिकवलं, आणि सुनेच्या मायेत स्वतःच विसरले.

त्यांनी पिवळ्या वायरीचं टोक उपसलं. पुढच्या खोलीतली वायर जागेवर लावली. तिन्ही डबे चालू. एक मिनिट, दोन, पाच. दिवे संथ. गुणाबाई हसतेय, बातम्या चालल्यात, वरून समीक्षाचा आवाज, "मामा, चाललंय! तिन्ही चालू आहेत?" घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं.

"तिन्ही!" मारोतराव ओरडले. तोवर त्यांनी पिवळी वायर गोळा करून खाटेखाली सारलीही होती.

"काय झालतं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"जंपर ढिला होता. जोडाची तार."

"मलप्पाचा?"

"हं," मारोतराव म्हणाले.

"बगा. चार दिस शिव्या दिल्या तवा कुठं नीट केलं मेल्यानं."

डेमो सुरू झाला तेव्हा मारोतराव जिन्यावर, समीक्षाच्या दाराबाहेर बसले. वायफायला बसून राहण्याची गरज नसते हे त्यांना माहीत होतं, पण बसले. आत समीक्षा शिकवत होती आणि काय शिकवत होती! शब्द स्वच्छ, कुठं अडखळणं नाही, मध्येच एक विनोद. मध्ये ती म्हणाली, "माझे सासरे लाइनमन होते. ते म्हणतात, तार मेलेली आहे असं देवानं येऊन सांगितलं तरी आधी तपासायची. भौतिकशास्त्राचा सगळ्यात मोठा नियम हाच आहे." आत मास्तर लोक हसले. जिन्यावर मारोतरावांची मान खाली गेली.

चाळीस मिनिटं झाली. एकदाही तुटलं नाही.

"मॅडम, शिकवणं उत्तम," बिराजदार सरांचा आवाज आला. "त्याबद्दल प्रश्नच नाही. फक्त मंगळवारी नेमकं काय झालं होतं?"

"केबलवाल्यांकडं प्रॉब्लेम होता, सर. त्यांनी जॉइंट बदलला."

"कधी?"

"काल."

"म्हणजे कालपासून नीट आहे?"

समीक्षानं हातातल्या नोट्स खाली ठेवल्या. तिला खोटं बोलता येत नसे, हा तिचा जुनाच दोष. "नाही सर. आज दुपारपर्यंत जात होतं. आता बरं झालंय."

"कशानं बरं झालं?"

"ते... माझ्या सासऱ्यांनी केलं. नक्की काय होतं ते मला माहीत नाही."

सरांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. मग सर हळू म्हणाले, "बघा मॅडम, अडचण समजून घ्या. परीक्षा तोंडावर आल्यात. कशानं बिघडलं तेच माहीत नाही, तर पुन्हा बिघडणार नाही हे मी पालकांना कसं सांगू?"

मारोतराव जिन्यावर ताठ झाले. नोकरीत असं कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये फॉल्टचं कारण लिहावं लागे, आणि स्वतःची चूक असली की लाइनमन लिहायचा, 'पक्षी बसल्याने'. त्या रजिस्टरवर विश्वास ठेवला तर कंधार तालुक्यात बत्तीस वर्षं बगळ्यांनी हैदोस घातला होता. आताही सोपं होतं. आत जायचं आणि सांगायचं, उंदरानं वायर कुरतडली होती, बदलली. उंदीर काही साक्षीला येणार नव्हता. पण कुरतडलेल्या वायरीची गोष्ट ऐकून सर म्हणणार, उंदीर उद्याही येईल. आणि पोरगी तर आत्ताच सांगत होती, तपासल्याशिवाय मानायचं नाही.

ते उठले, खाली गेले, खाटेखालून पिवळी वायर काढली आणि वर येऊन सरळ लॅपटॉपसमोर उभे राहिले.

"जय भीम, सर. मी मारोती गजभारे. समीक्षाचा सासरा."

समीक्षा दचकून बाजूला झाली.

"केबलवाल्याचा फॉल्ट नव्हता," मारोतराव म्हणाले. "त्याला चार दिवस उगाच बोललो मी. फॉल्ट मी होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुढची खोली, माडी, स्वयंपाकघर. हवेत बोटानं गोल काढून दाखवला. बायकोचं बटण सांगितलं, गुणाबाई सांगितली, मधला उघडा स्विच सांगितला. पिवळी वायर उंच धरून दाखवली. "हे ते. हे निघालं, फॉल्ट गेला. पुन्हा लावणार न्हाई, आन् लावली तर मला तुमच्या क्लासात कान धरून उभं करा. पोरीला काय ठाऊक नव्हतं. तिचा काय दोष न्हाई."

पडद्यावरचे तिघं त्या वायरीकडे बघत होते. मग एक मास्तर खुदकन हसला, मग दुसरा, आणि मग बिराजदार सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काका," ते म्हणाले, "आमच्या इथं नेट महिन्यातनं दोनदा जातं आणि कारण आजवर एकानंही सांगितलं नाही. मॅडम, सोमवारपासून या. म्हणजे, तिथंच बसा, पण सोमवारपासून."

कॉल बंद झाला. मारोतरावांनी मागे वळून पाहिलं तर दारात चांगुणाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हातातला फोन नवऱ्याच्या कानाला लावला. पलीकडे मलप्पा "हॅलो, हॅलो" करत होता.

"मलप्पा," मारोतराव म्हणाले, "तुझी लाइन बरोबर होती. चूक माझी होती. माफ कर."

पलीकडे मलप्पानं दोनदा 'आँ?' केलं. मग मलप्पा म्हणाला, "सायेब, तबियत ठीक हाय ना? मी येऊ का?"

"ये. जेवायलाच ये."

चांगुणाबाई फोन घेऊन खाली गेल्या. त्यांना बहिणीला बातमी द्यायची होती, आणि मळलेलं पीठ तसंच पडलं होतं. खोलीत दोघंच राहिले. समीक्षा खुर्चीत बसून ती वायर बघत होती.

"मामा, मंगळवारी डेमो तुटला तेव्हा मी गच्चीवर जाऊन रडले होते."

"माझ्यामुळं."

"हो. तुमच्यामुळं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. "कशाला केलं होतं तसं?"

मारोतरावांनी वायरीचं वेटोळं या हातातून त्या हातात घेतलं. त्यांना सप्लायचं, फीडरचं बरंच काही सांगता आलं असतं.

"तुझं तुटू नये म्हणून," ते म्हणाले.

समीक्षानं पदरानं डोळे पुसले. मग ती उठली, त्यांच्या हातातून वायर घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली.

"ही माझ्याकडं राहू द्या. आणि पुढच्या वेळी काही जोडायचं झालं तर आधी मला विचारायचं."

"हाव," मारोतराव म्हणाले.

असं 'हाव' त्यांनी नोकरीत मोठमोठ्या साहेबांना शेकडो वेळा म्हटलं होतं आणि मग बाहेर येऊन स्वतःला हवं तेच केलं होतं. या वेळचं मात्र अगदी मनापासून होतं.